पाच कुटुंबं, एकोणीस माणसं आणि पहिलाच बर्फ: स्कीइंगच्या सुट्टीचं नियोजन

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय: "आम्ही पाच कुटुंबं मिळून १९ जण आहोत. दहा मोठे, सहा ते चौदा वयाची आठ मुलं आणि ७१ वर्षांच्या आजी. कोणीच बर्फ पाहिलेला नाही. नाताळच्या सुट्टीत सहा दिवसांत श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम आणि सोनमर्ग, त्यातच दोन दिवस स्कीइंग, असा आराखडा एका एजंटने दिलाय. एका कुटुंबाची तासगावजवळ द्राक्षबाग आहे, त्यामुळे तारखांवर एकमत होत नाही. आजींना न्यावं का, यावरूनही घरात वाद आहे. काय करावं?"

ताई, तो आराखडा बाजूला ठेवा. सहा दिवसांत चार ठिकाणं केलीत तर पायात स्की घातल्याचे फोटो मिळतील, स्कीइंग येणार नाही. नवशिक्याला एकाच ठिकाणी, एकाच शिक्षकाकडे, सलग चार सकाळी लागतात. पहिली सकाळ बूट घालणं, उभं राहणं, पडणं आणि उठणं यातच जाते. दुसऱ्या दिवशी थांबायला जमतं. तिसऱ्या दिवशी वळण येतं. चौथ्या दिवशी मुलं हाका मारायला लागतात, "आई, बघ!" दोन दिवसांचा गट बरोबर त्या वेळी गाडीत बसतो, जेव्हा अंग सगळ्यात जास्त दुखत असतं आणि मजा अजून सुरूच झालेली नसते. मग घरी येऊन सगळे म्हणतात, स्कीइंग काही आपल्यासारख्यांचं काम नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. मी साताऱ्याची. वयाच्या चौतिसाव्या वर्षी गुलमर्गला पहिल्यांदा स्कीवर उभी राहिले. त्यानंतर जवळजवळ दर हिवाळ्यात आपल्या भागातली कुटुंबं घेऊन जाते. साठीतल्या माणसांनाही छोटा उतार सुरेख उतरताना मी पाहिलंय.

आधी तारखांचं बोलू, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे.

काश्मीरमध्ये कडाक्याचे चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात. त्यांना 'चिल्लई कलान' म्हणतात, आणि ते ३० जानेवारीपर्यंत चालतात. म्हणजे नाताळच्या सुट्टीत हा काळ नुकता लागलेला असतो. थंडी असते, पण उतारावर शिकण्याइतका बर्फ साठलेला असेलच असं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पिवळी, कोरडी होती. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. खात्री कुठल्याच तारखेची नाही, पण जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ डिसेंबरपेक्षा पुष्कळ भरवशाचा. शिवाय नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात गर्दी इतकी असते की चांगले शिक्षक आधीच ठरलेले असतात, गंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं संपलेली असतात आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात.

आता तुमच्या द्राक्षबागेचं. माझं सासर मिरज तालुक्यातलं, त्यामुळे हे गणित मला ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर फळछाटणी झाली असेल तर माल साधारण फेब्रुवारीच्या मध्यानंतर तयार होतो. म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा त्या कुटुंबाला कसाबसा निघू शकतो, पण भुरी रोगाच्या फवारणीकडे आणि व्यापाऱ्याच्या फोनकडे बघायला भावकीतलं कोणी तरी मागे लागेल. छाटणी सप्टेंबरात झाली असेल तर जानेवारीच काढणीचा, मग तो आठवडाही गेला. म्हणून तारीख आधी बागवाल्यांना विचारून ठरवा, नोकरीवाल्यांना नंतर विचारा. नोकरदाराची रजा पुढेमागे होते, घड नाही थांबत. तुमच्यात यंदा दहावी-बारावीचं कोणी नाही, हे चांगलं. असतं तर मी हा बेत वर्षभर पुढे ढकला म्हटलं असतं. बाकी मुलांची २६ जानेवारीला जोडून चार-पाच दिवसांची रजा शाळेला लेखी अर्ज देऊन महिनाभर आधी मागा.

ठिकाण म्हणून मी गुलमर्गच सुचवेन. औली सुंदर आहे, पण जोशीमठची जमीन खचायला लागल्यावर २०२३ च्या जानेवारीत तिथला रोपवे बंद झाला. शिवाय ऋषिकेशहून नऊ-दहा तास घाटातला प्रवास, तो सहा वर्षांच्या मुलांना आणि आजींना नको. मनालीजवळच्या सोलंगला मोठा उतार सोपा आहे, पण तिथला बर्फ आणखी बेभरवशाचा, आणि सहलीला आलेल्यांची गर्दी त्याच उतारावर घोडे, टायर आणि स्लेज घेऊन फिरत असते. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि नवशिक्यांसाठी गावातच, गोल्फच्या मैदानाच्या अंगाला, हलके उतार आहेत. सोबतचे लोक खोलीतून चालत येऊन बघू शकतात. पाच कुटुंबांच्या गटाला ही सोय मोठी. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे घडलं त्यानंतर कोणाच्या मनात भीती असेल, तर ती मोकळेपणाने बोलू द्या. एका जरी कुटुंबाचं मन घेत नसेल तर सगळ्यांनी मनालीला जावं. धाकधूक घेऊन कोणी स्कीइंग शिकू शकत नाही.

सरकारी संस्थांचे कोर्सही आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था. शिक्षण पक्कं असतं, पण वयाच्या अटी, ठरलेल्या तारखा आणि शिस्त बघता लहान मुलं, आजी आणि रजेवर आलेले आईबाबा एकत्र बसवता येत नाहीत. तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाला गोडी लागली तर पुढे त्याला एकट्याला तिथे पाठवा.

दिवस आठ धरा. पहिल्या दिवशी पुण्याहून विमानाने, बहुतेक वेळा दिल्लीला बदलून, श्रीनगर, मुक्काम तिथेच. रेल्वेने जायचं तर मिरज-साताऱ्यावरून जाणारी गोवा एक्सप्रेस दिल्लीला निजामुद्दीनपर्यंत नेते आणि २०२५ च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही आहे, पण मुलांसह येता-जाता चार-पाच दिवस त्यातच जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलमर्ग. पन्नासेक किलोमीटर आहे, पण टंगमर्गपासूनचा शेवटचा तेरा किलोमीटरचा चढ बर्फात साध्या गाडीने होत नाही. तिथे चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. हा खर्च कोणाकडे, हे एजंटकडून आधी लिहून घ्या. टंगमर्गला सामान उतरवून, थंडीत मुलं कडेवर घेऊन घासाघीस करायची वेळ येऊ नये. दुपारी आराम, भरपूर पाणी, आणि फक्त बुटांचं माप. तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत रोज सकाळी शिकणं. सातव्या दिवशी खाली श्रीनगर, आठव्या दिवशी विमान. गुलमर्गहून निघून त्याच दिवशी विमान पकडायचा बेत कधीही करू नका. बर्फ पडला की रस्ता थांबतो आणि धुक्यात विमानंही थांबतात. पहलगाम, सोनमर्ग या खेपेला विसरा. ते उन्हाळ्यात अधिक छान दिसतं.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. दर कुटुंबात निदान एक पोस्टपेड नंबर हवा.

आता बुटांवर जरा थांबते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. गट न्यायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्यात बारा वर्षांची एक मुलगी होती. थंडी वाजेल म्हणून तिच्या आईने मोज्यांचे दोन जोड घातले. भाड्याच्या दुकानात घाई होती. मुलगी म्हणाली, "टोचतंय." दुकानदाराने दोन मापं मोठा बूट दिला. मी बाकीच्यांच्या गडबडीत होते, पाहिलं नाही. उतारावर तिचं पाऊल बुटात वळलं, पण बूट वळला नाही आणि स्की तर नाहीच. गुडघा मुरगळला. पुढचे तीन दिवस ती खिडकीत बसून इतर मुलांकडे बघत होती. तिचं तोंड मला आजही दिसतं. तेव्हापासून गटातल्या प्रत्येकाचा बूट मी स्वतःच्या हाताने दाबून बघते.

कसा बघायचा ते सांगते. स्कीचा बूट चालायच्या बुटासारखा मऊ नसतो, टणक प्लास्टिकचा असतो. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा, सुरकुती नसलेला. बुटाच्या आत मोज्याशिवाय काही जाता कामा नये. थर्मलची कड आत गेली की तासाभरात नडगीवर वळ उठतो. बकल लावून ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे हलकेच टेकला पाहिजे. मग गुडघे पुढे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची. आता अंगठा किंचित मागे सरकतो. टाच मात्र जागची उचलली जाता कामा नये. उचलली जात असेल तर बूट मोठा. घट्ट वाटणं बरोबर, मुंग्या येणं चूक. असं दहा मिनिटं घालून दुकानातच उभं राहायला लावा. १८ जणांचे बूट बघायला तीन तास लागतील, म्हणून तर म्हणते, हे आदल्या दुपारी करा.

नवशिक्याला स्की हनुवटीपर्यंत किंवा त्याहून थोडी आखूडच हवी. बूट आणि स्की जोडणाऱ्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. पडल्यावर किती जोराने बूट सुटावा हे त्यावर ठरतं आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि किती येतं यावरून लावतात. वजन खरं सांगा. आकडा जास्त लागला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि पाय त्याच्याबरोबर पिळला जातो. मी निघण्याआधीच सगळ्यांची वजनं-उंच्या एका कागदावर लिहून घेते. तिथे चारचौघांत विचारलं की मोठी माणसं पाच किलो कमी सांगतात.

कपड्यांत एकच गोष्ट डोक्यात ठेवा: सुती काही नको, आणि जीन्स तर मुळीच नाही. नवशिका दिवसात तीस वेळा बर्फात बसतो. ओली जीन्स अंगाला चिकटली की मूल पंधरा मिनिटांत कुडकुडायला लागतं. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकर, बाहेर पाणी न शिरणारी पँट आणि जाकीट. बाहेरचा थर भाड्याने मिळतो. हातमोजे मात्र स्वतःचे न्या, मुलांसाठी दोन जोड. गॉगल सगळ्यांना, आजींनाही. कोवळं ऊनसुद्धा बर्फावरून उलटून डोळे भाजतं. हेल्मेट भाड्याने मिळतं, ते मोठ्यांनीही घालायचं. जेवायची हौस आपल्याला असतेच, तेव्हा सांगलीचं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी न्या. उतारावर अकरा वाजता मूठभर भडंग मिळालं की रडकं मूल हसतं.

शिकवणी कशी लावायची? कुटुंबागणिक शिक्षक हा सगळ्यांना सुचणारा मार्ग आहे, आणि तो चुकीचा आहे. आई पडली की मूल घाबरतं, मूल पडलं की बाप ओरडतो. गट जमण्याप्रमाणे आणि वयाप्रमाणे करा. लहान मुलं वेगळी, दहाच्या पुढची वेगळी, मोठ्यांचे दोन गट: एक धीट, एक सावध. एका शिक्षकाकडे चार-पाच जणांपेक्षा जास्त नकोत. तुमच्यासाठी चार शिक्षक आणि तेच चार जण चारही दिवस, असं आधी ठरवून घ्या. सहा-सात वर्षांच्या मुलांना सकाळचा दीड तास पुरे. नंतर त्यांना बर्फात खेळू द्या. नवऱ्याने बायकोला शिकवायचं नाही, हा माझ्या गटातला पक्का नियम आहे. पाच वर्षं ट्रेक केलेला आणि कधीच डोंगर न चढलेला, दोघंही स्कीवर सारखेच नवे असतात.

पहिल्या दिवशी हातात काठ्या नकोत. पडताना माणूस काठी घट्ट धरतो आणि अंगठा मागे वाकतो. नवशिक्यांना होणारी ही नेहमीची दुखापत. स्की चढवण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ झटकायचा, नाही तर बाइंडिंग बसत नाही. उतारावर खालच्या बाजूची स्की आधी चढवायची. पडावंसं वाटलं की बाजूला, कुल्ल्यावर बसायचं. हात पुढे टेकवायचा नाही. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाही तर अर्धवट उठता उठता माणूस पुन्हा घसरतो. आणि थांबायचं ते स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब करून, आतल्या कडांवर दाब देत. मुलांना शिक्षक 'पिझ्झा कर' म्हणतात, ते हेच. हे पक्कं झाल्याशिवाय कोणालाही लिफ्टने वर नेऊ देऊ नका, मूल कितीही हट्ट करो. आपल्या पुढे, खाली जो आहे त्याचा रस्ता पहिला. मागून येणाऱ्याने वाचवायचं, हा जगभरचा नियम मुलांकडून रोज म्हणवून घ्या.

गंडोलाचा पहिला टप्पा, सुमारे ३,०८० मीटरवरच्या कोंगदूरीपर्यंतचा, सगळ्यांनी एका दुपारी जरूर करावा. तिकीट ऑनलाइन आणि ओळखपत्रासह, निघण्याआधीच काढा. गावात बर्फ कमी असेल तर शिकायची सोय कधी कधी वरही करता येते. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या कुशीत ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथून स्कीवर खाली यायचा विचार नवशिक्यांनी करूच नये. त्या बाजूच्या मोकळ्या उतारांवर २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत हिमप्रपातात परदेशी, कसलेले स्कीअर गेले. कोणी वाटाड्या "तासाभरात वरून आणतो" म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा.

खोलीत रात्री एक काळजी घ्या. बुखारी (लाकडाची शेगडी), गॅसचा हीटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्रभर चालू ठेवायची नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. विजेची गरम गादी किंवा सेंट्रल हीटिंग असलेलं हॉटेलच निवडा. त्यात पैसे वाचवू नका. वाचवायचेच असतील तर खोलीच्या देखाव्यात वाचवा.

विमा काढताना पॉलिसीत स्कीइंग वगळलेलं नाही ना, ते शब्द वाचून बघा. बहुतेक साध्या प्रवास विम्यात ते वगळलेलं असतं.

शरीराची तयारी आजपासून. सकाळी चालायला जाता म्हणून होणार नाही. स्कीइंगला मांड्या लागतात. भिंतीला पाठ लावून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं, तीस सेकंदांपासून सुरू करून दीड मिनिटापर्यंत जा. रविवारी सगळी कुटुंबं मिळून दंडोबाचा डोंगर चढा, आणि उतरताना घाई न करता गुडघे वाकवून उतरा. आम्ही साताऱ्याचे हेच अजिंक्यताऱ्यावर करतो. मुलं चाकांचं स्केटिंग करत असतील तर त्यांना निम्मं आलेलंच आहे. या रविवारांचा दुसरा उपयोग असा की कोण दमल्यावर चिडतं, कोण मागे राहिलेल्याला थांबतं, हे निघण्याआधी कळतं.

पैशांचं लवकर मिटवा. प्रवास, खोल्या आणि जेवण हा सामाईक खर्च माणशी. स्की, शिक्षक आणि गंडोला ज्याचा त्याने. ज्याला शिकायचं नाही त्याच्यावर शिकण्याचा खर्च पडला की तिसऱ्या दिवसापासून कुरबुर सुरू होते. तिथे निर्णय घ्यायला दोघंच जण नेमा आणि त्यातली एक बाई असू द्या. एकोणीस जणांचं मत घेत बसलं की सकाळचे दहा वाजतात, आणि मुलांसाठी सकाळचेच तास सोन्याचे.

राहिल्या आजी. न्याच. आधी त्यांच्या डॉक्टरांना २,६५० मीटर उंची आणि रात्री उणे आठ-दहा अंश, हे दोन्ही स्पष्ट सांगून विचारा. रक्तदाबाची गोळी असेल तर दुप्पट साठा, तोही हातातल्या पिशवीत. डोकं दुखलं, मळमळलं तर अंगावर काढू नका, खाली टंगमर्गला उतरवा. गेल्या खेपेला कराडच्या एक आजी आमच्याबरोबर होत्या. रोज सकाळी उताराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून, पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, आणि हातात कहवा, म्हणजे काश्मिरी चहा, घेऊन त्या बसायच्या. प्रत्येक मूल खाली येऊन आधी त्यांच्यापाशी थांबायचं. थांबायला शिकवण्यात शिक्षकाइतकाच त्यांचा वाटा होता. तुमच्या आजींच्या बुटांना बांधायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मात्र इथूनच मापाने घेऊन जा, आणि त्यांची खोली तळमजल्यावर मागा.